रडणारं झाड

गल्लीच्या टोकाचं झाड रडायला लागलं आणि माणसांची रांग बेकरीच्या पायरीपर्यंत आली. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि भर उन्हात फांद्यांवरून टपटप पाणी गळतंय! खाली थेंबबाबा वाटी धरून बसलेले.

"माना खाली! वर बघाल तर झाड रुसेल. आधी बुंध्याशी घागरभर पाणी ओता, मग अश्रू मागा. डोळ्यात एकच थेंब, की चष्मा गटारात!"

बाबांचा स्वतःचा चष्मा मात्र नाकावर ठाण मांडून होता.

मी शाळेत शिकवते. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण रांगेत माझी ताई होती आणि तिचा हात धरून माझी भाची चिमी. चिमीचा एक डोळा लालभडक, सुजलेला. औषध चुकलं तर बुबुळावर कायमचा डाग पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ताई, औषध चालू आहे ना?"

"दोन्ही एकदम चालत नाही म्हणाले बाबा. तू मध्ये पडू नकोस."

मी घरी परतले. घरी बसवेना, उभं राहवेना. शेवटी तशीच झाडाखाली परत गेले आणि बाबांनी मना केलेली गोष्ट केली. वर बघितलं. फांद्यांवर जागोजागी साबणासारखा पांढरा फेस होता.

मागच्या बाजूने फेस असलेली एक डहाळी तोडली आणि ताईच्या ओट्यावर ग्लासभर पाण्यात उभी केली. खाली बशी ठेवली.

"हे काय आणलंस?"

"इथे बाबा नाहीत. बघू रडतं का."

थोड्या वेळाने बशीत टप्प झालं. ताईने चटकन हात जोडले. मी चिमीच्या हातात वर्गातलं भिंग दिलं आणि काडीने फेस अलगद बाजूला केला. चिमीने चांगला डोळा भिंगाला लावला.

"मावशी, आत किडा आहे! इवलासा, हिरवा! तोंड फांदीत खुपसलंय आणि मागून... आई, हा शू करतोय!"

ताईचा चेहरा पडला.

"दिवसभर झाडाचा रस पितो तो," मी म्हणाले. "रसात बहुतेक पाणीच. जास्तीचं मागून सोडतो, त्यातच फेस करून उन्हापासून लपतो. बुंध्याशी घागरी ओतल्या की रस वाढतो, थेंबही वाढतात."

"आणि मी ते पोरीच्या डोळ्यात..." ताईने उठून फळीवरची औषधाची बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी ती डहाळी घेऊन ताई स्वतः रांगेपुढे उभी राहिली. भिंग हातोहात फिरलं.

"किडासुद्धा देवानेच धाडलाय!" बाबा ओरडले.

"मग घ्या की तुम्हीच, चष्मा काढून!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला आणि त्या गडबडीत बाबांनी वाटीसकट काढता पाय घेतला.

पण लोकांचा राग किड्यांवर निघाला. बेकरीवाला फवारणीचा पंप घेऊन आला. चिमी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, त्यांना का मारता? पक्ष्यांची पिल्लं असे किडे खाऊनच मोठी होतात. आणि माझं पाणी डोळ्यात घाला, असं किड्याने कुठे सांगितलं होतं?"

बेकरीवाल्याने पंप खाली ठेवला.

चिमीचा डोळा वाचला, पण बुबुळाच्या कडेला एक पुसट डाग राहिला. तो दिसला की मला अजून चीड येते. म्हणून हात जोडून सांगते, कुणी वर बघू नका म्हणालं, तर आधी वर बघा.