मीच दमले

टपालताईने चपला काढून भिंतीशी लावून ठेवल्या आणि फरशीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवरून ती अनवाणी चालायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जेमतेम सोळा पावलं. एकतीस वर्षं रोज दहा-बारा किलोमीटर टपाल वाटणाऱ्या बाईला सोळा पावलांची परीक्षा द्यावी लागत होती, आणि त्यातही ती नापास होत होती.

“परत एकदा, मावशी,” व्यायामाचा डॉक्टर म्हणाला. तो तिच्या मुलाच्या वयाचा होता.

“चार वेळा झालं. मी काय भोवरा आहे?”

“हे शेवटचं. माझ्याकडे बघू नका. कुणाची तरी तातडीची तार घेऊन निघालाय असं समजा.”

“तार बंद होऊन जमाना झाला, बाबा,” ती म्हणाली, पण निघाली.

डावा गुडघा सात महिने दुखत होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला, रक्त तपासलं आणि सांगितलं, की गुडघा ठणठणीत आहे. ठणठणीत गुडघ्याने तिचं टपाल मात्र रोज दोन-दोन तास उशिरा पोचत होतं. शेवटी पोस्टमास्तरांनी तिला बोलावून घेतलं. महिनाअखेरपर्यंत चाल सुधारली तर ठीक, नाहीतर खिडकीत बसून शिक्के मारायचे, असं त्यांनी अगदी गोड बोलून सांगितलं. रागावले असते तर तिला इतकं लागलं नसतं. हिंडतोय तोवर आपण धड आहोत, एकदा बसलो की बसलोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती भिंतीला हात लावून परत आली. डॉक्टरने मोबाइल खाली केला.

“दुखायला कधी लागलं?”

“हे गेले त्यानंतर. पंधरा दिवसांनी वगैरे.”

“काका काय करायचे?”

“गवंडीकाम. सगळे मिस्त्रीच म्हणायचे. मीसुद्धा.” ती स्टुलावर बसली. “भिंत दोऱ्याभर कलली तरी नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे. ओळंबा लावून बघायची गरज नाही. पुढे परांचीवरून पडले आणि उजवा पाय आखूड झाला. सव्वीस वर्षं झाली त्याला.”

“आणि तुम्ही दोघं चालायला जायचात?”

“रोज संध्याकाळी. मी ड्यूटीवरून यायच्या आत हे बूट घालून दारात तयार.”

डॉक्टरने स्टूल ओढून तिच्याशेजारी बसत मोबाइल तिच्या हातात दिला. त्याने मघाशी तिचं चालणं टिपून घेतलं होतं.

पडद्यावर एक बाई चालत होती. आपण मागून इतक्या म्हाताऱ्या दिसतो हे टपालताईला आजच कळलं. बाईने तीन पावलं नीट टाकली. चौथ्याला डावा पाय टेकला आणि उजवा उचललेला तसाच राहिला. सगळा भार डाव्या गुडघ्यावर. मान किंचित उजवीकडे, मागे वळली. क्षणभरच. मग उजवा पाय खाली आला. पुन्हा तीन पावलं, पुन्हा तेच.

“ही बाई लंगडत नाहीये, मावशी,” डॉक्टर हळूच म्हणाला. “दुखतं म्हणून तुम्ही थांबत नाही. थांबता म्हणून दुखतंय.”

ती मोबाइलकडे बघत राहिली. मिस्त्री नेहमी उजव्या हाताला असायचे. तिच्या तीन पावलांत ते अर्धं पाऊल मागे पडायचे. आपण मागे पडतो हे त्यांना कळू नये म्हणून तिने काय काय केलं होतं! पहिल्या वर्षी एकदा ती सरळ म्हणाली होती, “थांबते, या तुम्ही सावकाश.” तर ते आठ दिवस घराबाहेरच पडले नाहीत. तेव्हापासून तिने शहाणपणा शिकून घेतला. चौथ्या पावलाला जरा रेंगाळायचं. वळणावर चपलेचा पट्टा सारखा करायचा. चढ आला की कमरेवर हात ठेवून म्हणायचं, “थांबा हो, मीच दमले.”

त्यावर मिस्त्री खो खो हसायचे. “आणि तू म्हणे टपाल वाटतेस! सरकारने नोकरी दिली तरी कशी तुला?” असं म्हणून समोरच्या कुठल्यातरी इमारतीकडे बघत गिलाव्याला नावं ठेवत उभे राहायचे. तिचा पट्टा सारखा होईपर्यंत.

“हे जाईल?” तिने विचारलं.

“शंभर टक्के. रोज टाळीच्या ठेक्यावर चालायचं. थांबायचं नाही. पंधरा दिवसांत पाय विसरतील.”

“पूर्ण विसरतील?”

“पूर्ण.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, “म्हणजे पाय. फक्त पाय.”

तो टाळ्या वाजवू लागला आणि ती चालू लागली. एक, दोन, तीन. चौथ्याला शरीर थबकलं, पण टाळी थबकली नाही, आणि तिने दात आवळून पाय पुढे टाकला. गुडघ्यात कळ आली नाही. कळ आली ती भलतीकडेच. भर रस्त्यात त्यांचा हात सोडून आपण पुढे निघून गेलो, असं तिला वाटलं. सोळा पावलं ती तशीच गेली, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि तोंड भिंतीकडे ठेवूनच रडली. मिस्त्रींना घरातून नेलं तेव्हा ती आल्यागेल्याला चहा विचारत होती. तेव्हा न आलेलं रडू आज आलं.

डॉक्टरने टाळ्या थांबवल्या. बऱ्याच वेळाने त्याने पाण्याचा ग्लास तिच्या हाताशी आणून ठेवला.

“उद्या याच वेळेला?” ती डोळे पुसून म्हणाली.

“याच वेळेला.”

बाहेर बाकावर सून मांडीवर वह्या घेऊन तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची. सासूला दवाखान्यात आणायचं म्हणून तिने अर्धी रजा टाकली होती. “काय म्हणाले?” तिने विचारलं.

“व्यायाम दिलाय. होईन बरी.”

दोघी रस्त्याला लागल्या. सून एरवी चालत नसे, पळतच असे. लग्न होऊन आली तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण हल्ली या पोरीत काही राम उरला नव्हता. सकाळी दवाखान्यात येतानाच दोनदा थांबली. एकदा दुकानातल्या पिशव्या बघायला, एकदा नुसतीच. गेल्या महिन्यात बाजारातून येताना तिला तीनदा दम लागला, तेव्हा टपालताईला काळजीच वाटली. तिने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “अरे, बायकोचं रक्त तपासून घे. अंगात काही नाही तिच्या.” रात्री झोपताना ती सुनेला आग्रहाने दूध प्यायला लावायची. सूनही निमूटपणे प्यायची.

चौकापुढे थोडा चढ होता. टपालताई मनातल्या मनात टाळ्या मोजत होती. एक, दोन, तीन. चौथ्याला जमलं नाही. पाय अडला, गुडघ्यातून कळ गेली.

“आई, थांबा ना जरा,” सून म्हणाली. “बाई गं, मीच दमले.”

आणि ती खाली वाकून सँडलचं बक्कल लावू लागली.

टपालताईने पाहिलं. बक्कल लावलेलंच होतं. सुनेने ते सोडलं, पट्टा सारखा केला आणि पुन्हा त्याच भोकात लावलं. तिचा श्वास जराही चढलेला नव्हता.

म्हणजे त्या पिशव्याही. बाजारातला दमही. सात महिने.

टपालताईच्या ओठावर शब्द आले होते. पण त्यांच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं आणि ती जागच्या जागी गार झाली. ती साधी टपाल वाटणारी बाई, तरी तिला सात महिन्यांत कळलं. मग दोऱ्याभर कललेली भिंत ओळखणाऱ्या माणसाला सव्वीस वर्षं कळलं नसेल?

सून अजून वाकलेलीच होती. सासूचा पाय कधी मोकळा होतो याची वाट बघत असावी.

“आणि तू म्हणे चाळीस पोरांना ताब्यात ठेवतेस!” टपालताई म्हणाली. “शाळेत घेतलं तरी कसं तुला?”

सून वाकल्या वाकल्या हसली. टपालताईने बक्कलावरून नजर काढली आणि मान वर करून समोरच्या इमारतीकडे पाहिलं.

“बघ, गिलावा कसा केलाय मेल्यांनी,” ती म्हणाली, आणि पट्टा सारखा होईपर्यंत तिकडेच बघत राहिली.