नऊचा आकडा

मिस्त्रींनी रविवारचं खेळायला जाणं सोडलं आणि कारण सांगितलं गुडघ्याचं. त्यांच्या लेकीला ते क्षणभरही पटलं नाही. गुडघा दुखणारा माणूस माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढतो होय? आणि वर तिलाच दम देतो की, बाजूला हो, तुला जमायचं नाही!

मिस्त्री म्हणजे गोल्फच्या काठ्या घडवणारे मिस्त्री. वय सत्त्याहत्तर. मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या एका लांबट खोलीत त्यांनी उभा जन्म काढला. लाकडाचा ठोकळा तासायचा, त्याचं डोकं करायचं, त्यात दांडा बसवायचा, मानेवर काळा दोरा गुंडाळायचा आणि तळाला पितळी पट्टी मारायची. खेळायला आलेला माणूस सगळ्यात आधी जो लांब फटका मारतो तो ज्या काठीने, तिला म्हणतात ड्रायव्हर. मिस्त्रींचा ड्रायव्हर हातात असला की माणूस आपोआप ताठ उभा राहायचा, असं जुने लोक अजून सांगतात.

आता ती खोली लेक चालवते. एक्कावन्नची झाली, केस पिकले, पण बापाच्या तोंडी अजून ठमीच. खोलीतला रंधा गेला, व्हार्निशचा वास गेला. तो वास ठमीला इतका आवडायचा की शाळेतून आली की दप्तर फेकून आधी त्या खोलीत जाऊन नुसती उभी राहायची. आता एका बाजूला जाळी लावली आहे आणि जाळीसमोर काठीचा आणि चेंडूचा वेग मोजणारं यंत्र. काठ्यांची डोकी धातूची, आतून पोकळ, मानेत एक स्क्रू. स्क्रू सोडवा, डोकं फिरवा, कोन बदला. गिऱ्हाईक दहा फटके मारतं, यंत्र आकडे सांगतं, आणि ठमी त्याच्या स्विंगला, म्हणजे काठी फिरवण्याच्या ढबीला, साजेल अशी काठी जुळवून देते. जुनं म्हणून एकच राहिलं होतं : दारासमोरच्या भिंतीवर टांगलेला एक लाकडी ड्रायव्हर, तळाच्या पट्टीवर नऊचा ठसा असलेला. तो तिचा होता.

खरी गोष्ट कळली ती वकीलकाकांकडून. वकीलकाका म्हणजे मिस्त्रींचे जोडीदार, चाळीस वर्षांचे. दर रविवारी दोघं एकत्र खेळणार, दर रविवारी भांडणार, आणि सोमवारी फोनवर तेच भांडण पुढे चालू.

"अगं, गुडघा कसला डोंबलाचा," वकीलकाका म्हणाले. "पहिल्याच फटक्याला समोर तळं आहे ना, तीन रविवार ओळीने चेंडू पाण्यात. मागे माणसं खोळंबलेली. कुणीतरी पोरगं म्हणालं, आजोबा, तुम्ही तळ्याच्या पलीकडनं सुरू करा. चांगल्या मनाने म्हणालं गं ते. पण ह्याचा चेहरा मला बघवेना."

मग म्हणाले, "मी महिनाअखेरीस मुलीकडे चाललोय कायमचा, ठाऊक आहे ना तुला? दोनच रविवार उरलेत."

ठमीला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. ती घरी गेली, तर बाबा खिडकीशी बसून जुना दोरा एका रिळावरून दुसऱ्या रिळावर गुंडाळत होते. काही कारण नाही, नुसतंच. खेळायची पिशवी कपाटामागे तोंड लपवून उभी. 

"बाबा, काका जाणार. शेवटचं खेळून घ्या की."

"जाऊ दे त्याला. स्टेशनवर जाऊन निरोप देईन."

"स्टेशनवर काय भांडणार तुम्ही?"

बाबा दोरा गुंडाळत राहिले. हा माणूस असाच खिडकीशी बसून संपणार, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं आणि ती घाबरली.

उपाय तिला माहीत होता. रोजचंच काम तिचं. वय झालं की स्विंगचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की नऊ अंशाच्या, म्हणजे तोंड जेमतेम नऊ अंश मागे कललेल्या, ड्रायव्हरने चेंडू वर चढतच नाही, गवताला घासून जातो आणि मध्येच टेकतो. अशा माणसाला बारा अंश द्यावे, दांडा हलका आणि लवचीक द्यावा, टिचभर आखूड करावा. चेंडू मुकाट्याने वर जातो. पण मिस्त्रींना बाराचा ड्रायव्हर द्यायचा कुणी? ज्या माणसाने जन्मभर नऊच्या वर बात केली नाही त्याला? आणि लवचीक दांड्यावर तर कंपनी चक्क एक अक्षर छापते, की हा म्हाताऱ्यांचा. कपाळावर चिठ्ठीच चिकटवल्यासारखी!

आधी तिने त्यांना यंत्रासमोर आणलं, आणि तेही थाप मारून.

"एका गिऱ्हाइकाच्या काठीतून करकर आवाज येतोय. मला कळेना कुठून येतोय. तुमचे कान लावा जरा."

कामाचं नाव काढलं की मिस्त्री निघालेच, गुडघाबिडघा विसरून. पाच फटके मारले. यंत्राचा पडदा तिने आपल्याकडे वळवून ठेवला होता. काठीचा वेग तासाला बहात्तर मैल. पोरं शंभराच्या वर मारतात. चेंडू मधोमध लागत नव्हता, टोकाकडे लागत होता आणि उजवीकडे झुकत होता. सगळं तिने मनात टिपून घेतलं.

"आवाजबिवाज काही नाही हिच्यात," मिस्त्री म्हणाले. "तुझे कान तपासून घे."

त्याच काठीचा मानेतला स्क्रू सोडवून तिने डोकं फिरवलं, कोन वाढवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या हातात दिली. काठी जमिनीला टेकवून त्यांनी नुसतं वरून पाहिलं, फटका मारलासुद्धा नाही.

"हिचं तोंड डावीकडे बघतंय. कुणी फिरवलं हे?"

ठमीने जीभ चावली. डोकं फिरवून कोन वाढवला की तोंड थोडं मिटतं, हे ती स्वतः गिऱ्हाइकांना सांगते. केसभराचा फरक! यंत्राला विचारावं लागतं, ह्यांना नुसतं दिसतं. राग आला आणि अभिमानही वाटला, आधी काय ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने मुळातच बारा अंशाचं, सरळ बघणारं डोकं काढलं. आतलं वजन दांड्याकडच्या बाजूला सरकवलं, म्हणजे चेंडू उजवीकडे पळणार नाही. सगळ्यात हलका दांडा घेतला, त्यावरचं ते मेलं अक्षर थिनरने पुसलं. लांबी कापली. राहिला तळाचा आकडा. डोक्यावर बारा कोरलेले होते, ठळक. ते तिने पुट्टी भरून बुजवले, घासले, वर काळा रंग दिला. आता तिथे नऊ हवा होता.

भिंतीवरचा आपला लाकडी ड्रायव्हर तिने खाली उतरवला. पट्टीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली. बाबांचा नऊ कागदावर उमटला, खाली शेपूट जरा उजवीकडे वळलेला. तोच तिने बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगात, श्वास रोखून नव्या डोक्यावर उतरवला.

रंग वाळेपर्यंत ती तो लाकडी ड्रायव्हर मांडीवर घेऊन बसली. सतरा वर्षांची होती तेव्हाचा. मैदानावर मुलांची स्पर्धा होती, मुलगी ती एकटीच. सगळ्या मुलांकडे नऊचे ड्रायव्हर, आणि बाबांनी तिच्यासाठी बाराचा करायला घेतलेला. काय आकांडतांडव केलं होतं तिने! मुलगी म्हणून बाराचा का, खेळतच नाही जा, असं म्हणून दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी बाबांनी न बोलता तिच्यासमोर ड्रायव्हर ठेवला. पट्टीवर नऊ. तिचा पहिलाच फटका तळ्यावरून पार गेला, आणि मुलं आ वासून बघत राहिली. त्या दिवशी तिने ठरवलं की आपण हेच काम करायचं. नातेवाईक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलंय. बाबा म्हणाले, फिरू द्या, मला मदतनीस हवीच आहे. पुढे कित्येक गिऱ्हाइकांना तिने भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, सतराव्या वर्षी मी नऊने मारायचे!

शनिवारी तिने नवी काठी बाबांपुढे धरली.

"कंपनीने नमुना पाठवलाय. नऊचाच आहे. उद्या मारून बघा आणि कसा वाटतो सांगा. मला त्यांना कळवायचंय."

मिस्त्रींनी काठी टेकवून वरून पाहिलं. तोंड सरळ. उलटी केली. तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. ठमीचा जीव टांगणीला.

"कळवायचंय म्हणतेस, तर बघायला हवं," ते म्हणाले, आणि कपाटामागची पिशवी ओढून बाहेर काढली.

रविवारी ती कुंपणाच्या आडून बघत होती. दुकान उघडून तशीच टाकून आली होती. वकीलकाकांचा चेंडू गेला, कसाबसा काठावर पडला. मग बाबा. मागे पाच-सहा माणसं उभी. बाबांनी काठी उचलली, तीच जुनी लय, फक्त संथ झालेली. टक् असा आवाज आला. चेंडू वर चढला, चढतच गेला, तळ्यावरून पलीकडे हिरवळीत उतरला. वकीलकाकांनी टोपी उडवली. बाबा मात्र तिथेच उभे राहिले, चेंडू पडला होता तिकडे बघत. ठमीने कुंपणाची जाळी घट्ट धरली होती, ते बोटं दुखायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. डोळे पुसून ती दुकानात पळाली.

खेळ संपल्यावर मिस्त्री एकटेच खोलीत आले. वकीलकाकांशी यथासांग भांडून झालं होतं, आवाजावरूनच कळत होतं. काठी टेबलावर ठेवली, आकडा वर करून.

"कंपनीला कळव, काठी छान आहे."

"कळवते."

"आणि हेही कळव की तुमच्याकडे नऊ कोण काढतो? शेपूट उजवीकडे वळवलंय. असा नऊ अख्ख्या जगात एकच माणूस काढायचा. त्याचा ठसा मारायचा साचा एकदा हातातून पडून वाकला होता, म्हणून."

ठमीचा चेहरा पडला. इतकी वर्षं बघून बघून तो आकडा तिच्या डोळ्यांत असा बसला होता की नऊ म्हणजे तसाच असतो, असं ती धरून चालली होती.

"तुम्ही कालच ओळखलंत?"

"बघताक्षणी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोलली होतीस?" मिस्त्री स्टुलावर बसले, गुडघा चोळला. गुडघा खराच थोडा दुखत होता म्हणायचा. "तो नऊ तू त्या भिंतीवरच्यावरून उतरवलास ना? त्याला कधी कोन मोजायचं गेज लावून बघितलंस?"

ठमीने भिंतीकडे पाहिलं. जगभरच्या काठ्या मोजणारी बाई ती. गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं की आधी त्याची काठी गेजवर चढवणारी. ही एक तिने कधीच मोजली नव्हती. मोजायची काय त्यात? पट्टीवर लिहिलेलंच होतं.

तिने ड्रायव्हर उतरवला, गेजमध्ये बसवला, तोंडाला काटा टेकवला. काटा नऊ ओलांडून गेला, अकरा ओलांडून गेला आणि बारावर थांबला.

"बाबा!"

"दोन दिवस जेवली नव्हतीस तू," मिस्त्री म्हणाले. "दुसरा करायला वेळ कुठे होता? पट्टी तेवढी बदलली."

तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. किती लोकांना सांगितलं, किती मिरवलं! आणि हा माणूस ह्याच स्टुलावर बसून दर वेळी ऐकत होता, एका शब्दाने बोलला नाही. ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडत राहिली, आणि ते आपले तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

"पुरे आता, ठमे. कुणी गिऱ्हाईक आलं तर?" मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या रविवारी शेवटचं खेळून वकील जाईल. त्याच्या पुढच्या रविवारी मला जोडीदार नाही."

"मी येते."

"पण तळं आहे हं पहिल्याच फटक्याला."

"ठाऊक आहे," ठमी म्हणाली. डोळे पुसून तिने तो लाकडी ड्रायव्हर गेजमधून काढला, आणि परत भिंतीवर न टांगता बाबांच्या पिशवीत नव्या काठीशेजारी ठेवला.