बाईंचे सात गप्प दिवस

"घरी मोठ्यानं बोलावं लागतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. घरी आम्ही दोघंच. अगदी शांतता असते," पहिलीच्या बाई म्हणाल्या. म्हणाल्या असं आपलं म्हणायचं. गंजलेलं फाटक उघडताना होतो तसा तो आवाज होता.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. मोटरच्या घरघरीनं त्यांचे कान केव्हाच बधिर झाले होते, पण हे त्यांनी कुणापुढे कबूल केलेलं नव्हतं. "मला बेअरिंगचा आवाज कळतो," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. मोटरला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की बिघाड कुठे आहे ते बरोब्बर सांगत. बायकोला काही स्क्रूड्रायव्हर टेकवता येत नाही. त्यामुळे बाई दिवसभर चाळीस मुलांवर आणि संध्याकाळी या एका माणसावर ओरडत. त्यांच्याकडे आज भाजी कोणती, हे शेजाऱ्यांना न विचारता कळे.

डॉक्टरीणबाईंचा आवाज खणखणीत होता, म्हणून प्रश्न यजमानांना नीट ऐकू आला. उत्तर ऐकू आलं नाही, पण बाईंची नकारार्थी हललेली मान दिसली. सव्वीस वर्षांच्या संसारात बाईंना खोटं बोलताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंच्या घशात, आवाजाच्या पडद्यावर एक गाठ होती. साधीच होती, पण काढायला हवी होती. त्यानंतर सात दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. "आवाज किती परत येईल, ते आठव्या दिवशी बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुट्टी संपून शाळा त्यानंतरच्या सोमवारी उघडणार होती. हेडसरांनी आधीच गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, "नाहीच जमलं तर भांडारात बसा. खडू-फळे सांभाळायचे. आरामाचं काम." त्या आरामाच्या नुसत्या कल्पनेनं बाईंची झोप उडाली होती.

शुक्रवारी गाठ निघाली आणि शनिवारपासून घरात पाटी आणि शाळेतली पितळी घंटा आली. बाईंनी पाटीवर नियम लिहून दिले. एक टोल म्हणजे इकडे या. दोन म्हणजे ते नव्हे, दुसरं. तीन म्हणजे वाद घालू नका. तीन टोलांचा वापर सर्वांत जास्त झाला.

पाटीचं काम मात्र अवघड होतं. बाई लिहीत, यजमान चष्मा शोधायला जात, तोवर बाईंचा धीर सुटे आणि त्या पहिलं पुसून दुसरं लिहीत. एकदा ते घरभर शोधून रिकाम्या हातानं परत आले, तर बाईंनी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. अक्षरं इतकी मोठी होती की चष्म्यावाचून वाचता आली. "चष्मा डोक्यावर आहे."

यजमानांनी खडू घेतला आणि खाली लिहिलं, "सापडला."

बाईंनी त्यांची दोन अक्षरं सुधारली, दहापैकी चार गुण दिले आणि विचारलं, "तुम्ही का लिहिताय? तुम्हाला बोलता येतं."

"तू गप्प बसायचं आणि मी एकट्यानंच बोलायचं, हे बरं दिसत नाही," ते म्हणाले.

गुरुवारी दुपारी ते बाहेरून आले, तर बाई स्वयंपाकघरात पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं, "आवाज आलाच नाही तर?"

धीर देणं यजमानांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी हात पुसले, डब्यांनी भरलेल्या स्टुलाच्या कडेवर कसेबसे टेकले.

"नवा व्हॉल्व्ह बसवला ना, की पहिलं पाणी गढूळ येतं," ते म्हणाले. "लोक फोन करकरून सांगतात, पाणी बिघडलं. पाणी कुठलं बिघडतंय? पाइपात बसलेला गाळ असतो तो. थोडं वाहू द्यायचं."

बाईंनी लिहिलं, "मी पाइप आहे का?"

यजमानांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आहेस. मोठ्या व्यासाचा."

तीन टोल पडले. यजमानांनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. हसायचीही बंदी होती, म्हणून बाई नुसत्या खांद्यांनी हसल्या, बराच वेळ.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी 'आ' म्हणायला लावलं. आला. निम्मा आला, आणि खालच्या पट्टीतला. "शिकवा, पण हळू बोलून. ओरडणं कायमचं बंद," त्या म्हणाल्या. "वरचे सूर आता लागतील असं वाटत नाही."

घरी आल्यावर बाईंनी शेगडीकडे तोंड करून, एकट्याच आहोत असं समजून आवाज चालवून पाहिला.

"जन्मभर ओरडून सांगितलं, पायपुसण्यावर पाय पुसून आत या. आता भिंतीला सांगायचं."

मागे पावलं वाजली आणि दाराकडे परत गेली. मग पाय पुसल्याचा खसखस आवाज आला.

बाई वळल्या. यजमान पायपुसण्यावर उभे राहून मनापासून दुसरा पाय पुसत होते. त्यांच्या कानामागे शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसलं होतं.

"हे कधी घेतलंत?"

"मंगळवारी."

"मंगळवारी? म्हणजे मी घंटा बडवत होते तेव्हा..."

"ऐकू येत होती. मेंदूत वाजायची."

"मग सांगायचं नाही का?"

"तीन टोल द्यायचीस. वाद घालायचा नाही असं ठरलेलं."

बाईंनी गॅस बारीक केला. "दहा वर्षं यंत्रासाठी मागे लागले होते. तेव्हा नाही घेतलंत ते?"

"तेव्हा तू ओरडायचीस. गरजच नव्हती." त्यांनी वाकून पायपुसणं सरळ केलं. "डॉक्टरीणबाईंशी खोटं बोललीस तू."

बाईंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "आवाज कसा वाटतोय, सांगा."

मोटर ऐकताना करत तशी यजमानांनी मान तिरकी केली. "गढूळ आहे."

"मग वाहू द्या," बाई म्हणाल्या.

सोमवारी यजमान पंपघरात जाण्याआधी बाईंना पोचवायला शाळेपर्यंत गेले आणि पहिलीच्या खिडकीखाली उभे राहिले. आतून काहीच ऐकू येईना. त्यांनी यंत्राचं चाक एक खाच पुढे सरकवलं. मुलांची चुळबुळ आली, कुणाचं तरी नाक ओढणं आलं, आणि त्यामागून बाईंचा आवाज. इतका हळू, की मुलं तो ऐकायला गप्प बसत चालली होती. बाईंनी वर्षाच्या पहिल्या दिवशीचं पावसाळी बेडकांचं गाणं सुरू केलं. वर चढणारी ओळ आली तशी त्या थांबल्या. क्षणभर वर्गात कुणीच गायलं नाही. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी ती ओळ उचलली, मागोमाग सगळ्यांनी, बेसूर आणि जोरात. घंटेचा एक टोल पडला. गाणं पुढे सरकलं.

गाणं संपल्यावर यजमानांनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि वरच्या खिशात ठेवलं. कामावर ते लावत नसत. मोटर ऐकायला स्क्रूड्रायव्हर होता. यंत्राची बॅटरी संध्याकाळसाठी राखून ठेवायची होती.