टाके निघाले, सुई राहिली

चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांत सुया खुपसणाऱ्या आत्यावर सुयांनी अखेर सूड उगवला. तिच्या खुब्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरांनी पस्तीस दिवस रोज एक इंजेक्शन लिहून दिलं. तेही पोटात. अशा ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पायातलं रक्त आळसावतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर खेळ खलास. तेवढ्यासाठी हे औषध.

घरी टोचायचं काम नववीतल्या भाचीने अंगावर घेतलं, कारण तिचे बाबा, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, सुई पाहूनच पांढरेफटक पडत. सिस्टरने तिला सगळं शिकवलं होतं: चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ घालायची, नंतर चोळायचं नाही. आत्याला मात्र तिची चिमूट पसंत नव्हती. चुणी नीट पडत नाही म्हणून ती रोज नावं ठेवायची, पोटावर निळे डाग पडले की हिचा हात कच्चा म्हणायची, आणि संध्याकाळचे सात वाजले की “या डॉक्टरीणबाई” असं स्वागत करायची. भाचीचा भाव मात्र वर्गात फार वधारला होता.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. पंधराव्या दिवशी आत्याने जाहीर केलं की यापुढे ती स्वतःच टोचून घेईल, पोरीने अभ्यास बघावा. भाचीचं तोंड एवढंसं झालं, पण सुई धरण्यात आत्याशी कोण वाद घालणार?

सतराव्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने वापरलेल्या सुयांच्या डब्यात सहज डोकावलं. रोज टाकताना ती मोजायचीच. तिने शेवटची टाकली तेव्हा जेवढ्या होत्या, तेवढ्याच आजही. आणि नव्या कोऱ्या सिरिंजा बटणांच्या खणात नीट गुंडाळून ठेवलेल्या, औषधाच्या दुकानात परत द्यायला.

आत्या पुढच्या खोलीत, मशीनवर. पाय खाली सोडून, खुशाल ब्लाउज शिवत बसलेली.

विचारल्यावर तिने लपवाछपवी केली नाही. कपड्याचे कच्चे टाके उसवले की कपडा तयार. मग तो घडी घालून गिऱ्हाइकाला द्यायचा, त्यात पुन्हा सुई घालत बसायचं नाही. हॉस्पिटलवाल्यांनी टाके काढले, म्हणजे त्यांचंही काम संपलं. इतकं साधं या शिकलेल्या पोरीला कळू नये?

सुतावरून स्वर्ग गाठतात असं भाचीने ऐकलं होतं. आत्या खरोखरच निघाली होती.

“आत्या, टाके कातडीला होते. औषध रक्ताला आहे. रक्ताला कुणी टाके घातले होते का?”

आत्याने दोरा तोडला.

भाचीने हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टरने दोनच गोष्टी विचारल्या. दम लागतोय का? नाही. ऑपरेशनचा पाय दुसऱ्यापेक्षा सुजलाय का? भाचीने आत्याच्याच गळ्यातली टेप ओढली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सव्वा इंचाचा फरक. आत्या म्हणाली, टेप तिरकी धरलीस. मग तिने स्वतः मोजलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदाही तेच. माप खोटं बोलत नाही, हे तिने जन्मभर गिऱ्हाइकांना सुनावलं होतं.

“तुझ्या बाबाला बोलाव,” ती हळूच म्हणाली. “गाडी घेऊन ये म्हणावं.”

हॉस्पिटलात तिच्या पायावर गार जेल लावून सोनोग्राफी सुरू झाली. पडद्यावर करड्या ढगांशिवाय काही दिसेना. आत्याने भाचीचा हात असा आवळला की उद्या निळे डाग हिलाच पडणार. अखेर डॉक्टर म्हणाले, गुठळी नाही. दोन दिवस पाय लोंबकळत ठेवून बसल्याने सूज आलीय. पण यावेळी नशिबाने साथ दिली, रोज देईलच असं नाही. आत्याने मान खाली घातली. भाचीला ते बघवेना, म्हणून ती भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत उभी राहिली.

रात्रीचं जेवण राहिलं तरी चालेल, आधी इंजेक्शन, असं घरी आल्यावर आत्याच म्हणाली. चुकलेली दोनही आत्ताच दे, एकदाचं उरकू, म्हणून हटून बसली. भाचीने ठाम नकार दिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, एका वेळी एकच, जास्त झालं तर रक्तस्राव होतो. चिमटीबद्दल आत्याने आज अवाक्षर काढलं नाही.

“किती दिवस उरले?”

“अठरा.”

मग आत्याने चष्मा लावला आणि हॉस्पिटलचा कागद पहिल्यांदाच वरपासून वाचायला घेतला. चौथ्या ओळीला थांबली.

“रोज चार वेळा चालायचं, असं लिहिलंय इथे. मला कुणी सांगितलं कसं नाही?”

भाची घसा कोरडा होईपर्यंत रोज सांगत होती. तिने कोपऱ्यातला वॉकर उचलला आणि आत्यासमोर आणून ठेवला.