शंभर घोडे आणि पुंडलिकराव

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. सेलूत माझं गॅरेज आहे, चोवीस वर्षं झाली, आणि या चोवीस वर्षांत जितक्या गाड्या दुरुस्त केल्या त्याहून जास्त गिऱ्हाइकांना फाडफाड बोललो. तरी लोक येतात. हरिदास तोंडाचा फाटका, पण हाताचा पक्का, असं गावात म्हणतात. पहिल्या अर्ध्या वाक्याचा मला राग येत नाही, कारण दुसरं अर्धं मला फार आवडतं.

तर वेदश्री माझ्याकडे आली ती या हातासाठी. वेदश्री म्हणजे पुंडलिकरावांची नात. सेवाग्रामला दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि सुटीच्या दिवशी गाडी पळवते. उगाच नाही, रीतसर शर्यतीत. नागपूरचा एक रॅलीवाल्यांचा संघ नवा चालक आणि नवा मेकॅनिक जोडीनं घेणार होता. अट अशी की आपली गाडी त्यांच्या शेडमधल्या, चाकांचा जोर मोजणाऱ्या रोलरवर चढवायची आणि चाकाशी शंभर घोड्यांची ताकद दाखवायची. संधी तीन. वेदश्रीची गाडी जुनी, तेराशे सीसीची, पेट्रोलवरची. नवी असताना तिच्यात ऐंशी घोडे होते, आता त्यातलेही काही म्हातारे झालेले.

जोडीला येता का काका, असं तिनं विचारलं, तेव्हा मी इतक्या लवकर हो म्हटलं की माझी मलाच लाज वाटली. खरं सांगतो, मला ते हवं होतं. चोवीस वर्षं क्लचप्लेटी बदलल्यावर माणसाला एकदा तरी वाटतंच, की ज्यांना गाडीतलं कळतं अशा चार लोकांनी आपलं काम बघावं आणि विचारावं, हे कोणी केलं हो? माझं पोट भरत होतं, पण हे विचारणारं कोणी भेटलं नव्हतं.

सुपरचार्जर आम्ही कोइम्बतूरहून मागवला. त्यात जादू काही नाही. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप, हवा दाबून दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त तर ताकद जास्त. पण मी तो बसवला आणि गाडी हवी तशी उठेना. कारण कंपनीचा हवेचा डबा अरुंद होता. भाता लोहाराचा आणला आणि त्याला वारा घ्यायला भोक ठेवलं बासरीचं, तर काय होणार? मग तो डबा काढून टाकला, रुंद पाइप टाकला आणि त्याच्या टोकाला बाहेरून मागवलेला शंकूसारखा मोठा फिल्टर लावला. हा फिल्टर म्हणजे तारेच्या दोन जाळ्यांमध्ये घड्या घालून बसवलेलं सुती कापड. त्यावर एका खास पातळ तेलाचे दोन फवारे मारायचे. धूळ तेलाला चिकटते, हवा आत जाते. फवारे दोनच, तिसरा नाही.

हे सगळं काम चाललं पुंडलिकरावांच्या गोठ्यात. सेलूपासून चार किलोमीटरवर त्यांचं गाव आहे. गोठा पक्का, वर टिनाचे पत्रे, वीज आहे, आणि मुख्य म्हणजे रिकामा. त्यांचे गुडघे गेले, म्हणून उन्हाळ्यात त्यांनी शेवटची बैलजोडी विकली होती. गाडी बरोबर बैलांच्या जागेवर उभी राहिली, नाकाड गव्हाणीकडे करून.

पुंडलिकराव रोज खाट टाकून समोर बसत. असे बघे मला चालत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे गॅरेजात रोज चार येतात, त्यांना मी हाकलतो. पण गोठा त्यांचा, मी कुठं हाकलणार? शंभर घोडे म्हणजे बैल किती, हे त्यांनी मला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा मी काहीतरी आकडा सांगून टाकला. फिल्टरला तेल मारलं तेव्हा मात्र ते खाटेवरून उठून जवळ आले.

"एवढंसंच?" ते म्हणाले. "माह्या बैलाले मी एवढंसं तेल कधी लावलं नाई."

हा बैल नाही पुंडलिकराव, मी म्हटलं. ते हसले आणि परत खाटेवर जाऊन बसले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी काम संपलं. परीक्षा पोळ्यानंतर आठ दिवसांनी होती. मी वेदश्रीला बजावून सांगितलं, रोज दहा मिनिटं इंजिन तापव, बाकी कोणी कशाला हात लावायचा नाही. तिनं तसंच केलं. गुणी पोरगी आहे.

परीक्षेच्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेलो. पट्टा पाहिला, प्लग पाहिले, ऑइल, पाणी, सगळ्या क्लिपा पाहिल्या. फिल्टर पाहिला नाही. तो मी माझ्या हातानं लावला होता, माझ्या हातानं तेल मारलं होतं. आपलंच काम काय तपासायचं? दुसऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला गॅरेजच्या बाहेर काढलं असतं.

असले बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून टेम्पोवर चढवली. पुंडलिकराव आधीच येऊन टेम्पोत बसलेले. नवं धोतर, गळ्यात पांढरा मलमलचा दुपट्टा, कपाळाला टिळा. नातीच्या परीक्षेला ते येणारच होते. सेलू ते नागपूर त्यांनी ड्रायव्हरला सुपरचार्जर समजावून सांगितला, आणि बरोबर सांगितला.

शेड हिंगण्याकडे होतं. फरशी इतकी स्वच्छ की मी बाहेर चपला काढू का नको या विचारात पडलो. संघाचा प्रमुख अभिराम, पस्तिशीचा, सभ्य बोलणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडून माझे जोड पाहिले, पट्ट्याचा ताण बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाला, "हे कोणी केलं?"

मी म्हटलं, मी. एका शब्दात इतकं सुख मला आजवर मिळालं नव्हतं.

मग वेदश्री गाडीत बसली, गाडी रोलरवर पळाली, आवाज असा आला की शेडच्या खिडक्या थरथरल्या. पडद्यावर आकडा चढत चढत गेला आणि अडुसष्टवर थांबला.

अडुसष्ट. नुसतीच जुनी गाडी आणली असती तरी एवढे आले असते. कोणीतरी मागं हसलं. अभिराम सभ्यपणेच म्हणाला की बरेच लोक दोन महागाच्या वस्तू एकत्र बसवतात, आवाज वाढतो, बाकी काही नाही. माझे कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या संधीला मी बॉनेट उघडंच ठेवायला लावलं आणि बाजूला वाकून बसलो. वेदश्रीनं दाबलं. इंजिन वर चढलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर फिल्टर आणि सुपरचार्जर यांच्यामधला रबराचा कोपरा आत चेपला गेला, आंबा चोखताना साल बसते तसा. सुपरचार्जर जीव खाऊन हवा ओढत होता आणि हवा येत नव्हती. मी हात वर करून थांबवलं. आकडा एकाहत्तर.

फिल्टर काढला. कापड पिवळं पडलेलं आणि बोटाला ताठ लागत होतं, लाकडावर वार्निश वाळावं तसं. नाकाशी नेलं. जवस. जवसाचं तेल पातळ थरात गरम जागी राहिलं तर ते वाळून पापुद्रा धरतं, हे आमच्याकडे जवस खाणाऱ्या घराघरात बाटलीच्या तोंडाशी बघायला मिळतं. रोज दहा मिनिटं इंजिन तापवून आम्ही ते नीट भाजून काढलं होतं. घड्यांमध्ये हळद बसली होती. आणि एका घडीत अडकला होता पळसाच्या पानाचा सुकलेला तुकडा.

ते पान पाहिलं आणि मला सगळं समजलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पन्नास वर्षं पुंडलिकरावांनी हे केलं. यंदा गोठ्यात बैल नव्हते. गव्हाणीकडे तोंड करून गाडी होती. तिला तूप नव्हे, तेल लागतं, हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं. आणि माझं तेल त्यांना कमी वाटलेलं.

अभिरामनं फिल्टर हातात घेतला, वास घेतला. चेहरा बदलला.

"हे खाण्याचं तेल आहे. कोणी लावलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. पुंडलिकराव तीन पावलांवर उभे, दुपट्ट्याचं टोक हातात धरून, आजाऱ्याचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात तसे माझ्याकडे बघत. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. वेदश्री गाडीतून उतरली होती. तिनं पान पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचीही निवड त्या उत्तरावरच होती, तरी तिनं आजोबांचं नाव घेतलं नाही.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. या म्हाताऱ्यानं. दोन शब्द, आणि माझं नाव धुतल्या तांदळासारखं. आयुष्यभर मी असली वाक्यं गिळलेली नाहीत, कोणासाठीच नाही. पण मला तो माणूस दिसला, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, रिकाम्या गोठ्यात, हातात पळसाचं पान घेऊन, गाडीच्या कानाची जागा शोधत असलेला.

"मी लावलं," मी म्हटलं. "माझी चूक."

पूर्ण खोटं नव्हतं ते. पहाटे फिल्टर मी तपासला नव्हता. अभिरामनं कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण कळलं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. पुंडलिकराव.

"होते बेटा," ते म्हणाले. "माणूस हाये, चुकते. मनाले नको लावून घेऊ."

चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. चोरानं सावाला मोठ्या मनानं माफ केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वेदश्री वळून गाडीचा आरसा पुसायला लागली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, ते मी अजून विचारलेलं नाही.

एक संधी उरली होती. मी अर्धा तास मागून घेतला. वाळलेलं तेल धुऊन निघणारं नव्हतं, म्हणून ब्लेडनं सगळं कापड कापून काढलं आणि नुसती तारेची जाळी ठेवली. बिनफिल्टरची गाडी मी पळवणार नव्हतो. एक खडा आत गेला तर सुपरचार्जरचं पीठ होतं. पातळ, स्वच्छ सुती कापड पाहिजे होतं. मी मान वर केली, तर पुंडलिकरावांनी दुपट्टा काढून माझ्यापुढे धरलेला. एकच पदर जाळीवर ताणून बसवला, वर क्लिप आवळली. हे काम मी इतकं हळू आणि इतकं नीट केलं की सेलूतल्या कोणाचा विश्वास बसणार नाही.

तिसरी पाळी. रबराचा कोपरा जागचा हलला नाही. मलमलमधून हवा अशी गेली की पट्टा, पंप, इंजिन सगळं एका सुरात गायला लागलं. सत्तर, ऐंशी, ब्याण्णव. मी बघणं सोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर एकशे चार होतं.

अभिराम मोकळेपणानं हसला. वेदश्रीचा हात हातात घेऊन म्हणाला, चालक म्हणून तू नक्की. मग माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं की मेकॅनिक त्यांच्याकडे आणखी एक आहे, वेदश्रीनं काळजी करू नये. मी अवजारं गोळा करायला लागलो. वाईट वाटलं. फार वाटलं. पण बोललेला शब्द परत घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही, आणि याचं मला नवल वाटत होतं.

वेदश्रीनं हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. एरवी शेडमध्ये ती शुद्ध बोलत होती, आता घरचं बोलली.

"तुमी जोडी घेतो म्हटलं होतं. ती चूक कोनाच्या नावावर हाये ते मले मालूम हाये. तरी मले हरिदासकाकाच पायजेत. ते नाई, तर मी बी नाई."

अभिरामनं तिच्याकडे पाहिलं, मग जाळीवरच्या दुपट्ट्याकडे, मग परत पडद्यावरच्या आकड्याकडे. अर्ध्या तासात हे केलंत ना, असं त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. ठीक आहे, तो म्हणाला, पण तेलाच्या बाबतीत यांच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

पुंडलिकरावांनी लगेच हात वर केला.

"ते माह्याकडं लागलं. तेलाचं याले काईच समजत नाई."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी म्हटलं, "हो पुंडलिकराव, आता तुमीच पाहा."