तळवा वाटीचा, अंग हळदीचं

मी एक जुनी काशाची वाटी आहे, आणि मला पिवळ्या रंगाची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. मी कुरुंद्याची. इथे उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरी हळद शिजते, अंगणात वाळते, वाऱ्यावर उडते. चहाच्या कपालासुद्धा तिचा वास लागतो. अशा गावात राहून पिवळ्याला भ्यायचं म्हणजे अवघडच. पण भीती विचारून येत नाही. माझी कशी आली ते सांगते.

तांबं आणि कथील एकत्र वितळून मी झाले. ती भट्टी मला आठवत नाही. आठवतं ते औंढ्याच्या जत्रेतलं दुकान. आमच्या घरच्या शालूबाईंच्या सासूने मला उचललं, नखाने टिचकी मारली, माझा आवाज पार विरेपर्यंत कान लावून ऐकला आणि दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या."

माझं काम एकच होतं. घरात बाळ जन्मलं की त्याच्या तळव्याला तूप लावायचं आणि माझ्या बुडाने हळूहळू घासायचं. घासता घासता तूप काळसर होतं. बाया म्हणत, अंगातली उष्णता निघाली. निघत असेल किंवा नसेल, पण बाळ शांत झोपत असे हे मी पाहिलेलं आहे. शालूबाईंनी आपल्या वैजनाथला माझ्याच हाताखाली वाढवलं, त्याच्या पाठची कोमलसुद्धा. अंगाला घरची हळद आणि तेल चोळायचं, पण हळदीचा हात तळव्याला लावायचा नाही, असा त्या घराचा नेम होता. "तळवा वाटीचा, अंग हळदीचं," शालूबाई बजावून सांगत.

हा नेम नीट लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

पोरं मोठी झाली आणि माझं काम संपलं. कुणीतरी मला मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं. मिठाने माझ्या कडेला हिरवे डाग पडले. पंचवीस-एक वर्षं मी त्या बरणीवर पालथी पडून होते. मग एका दिवाळीत वैजनाथ आला. तो जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर झाला होता. बायको मंजुषा तिकडेच होती, तिला सातवा महिना लागला होता. शालूबाई बाळंतपणाला जाणार होत्या, पण त्यांच्या व्हिसाचे कागद कुठेतरी अडकले होते.

"मला नेत न्हाई तर हिला ने," असं म्हणून त्यांनी मला चिंच लावून घासलं आणि हळदीच्या पुड्याशेजारी वैजनाथच्या बॅगेत ठेवलं.

तिकडचं घर चौथ्या मजल्यावर होतं. वैजनाथने आल्या आल्या मला दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्यात किल्ल्या टाकल्या. त्या जागेवरून मला घर दिसे आणि जिन्यातलं ऐकू येई. ऐकू येई म्हणजे काय, काहीच ऐकू येत नसे! एवढ्या मोठ्या इमारतीत माणसं राहतात की नाही असं वाटे. दुपारी शांतता. रविवारी तर पूर्णच. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कपड्यांचं मशीनही लावायचं नाही. कचऱ्याचे चार डबे होते आणि चहाचा चोथा कोणत्या डब्यात टाकायचा यावरून नवराबायकोचं रोज बोलणं होई. एकदा चुकीच्या डब्यात काही पडलं, तर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या लिंडनरबाईंनी सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहून दाराला लावली. शेवटी "मैत्रीपूर्ण नमस्कार" असंही लिहिलं होतं.

"मैत्रीच हाय तर दार वाजवून सांगावं ना," मंजुषा म्हणाली. ती हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, हुशार पोरगी. पण त्या चिठ्ठीनंतर ती जिना उतरतानासुद्धा चपलेचा आवाज होऊ देत नसे.

जानेवारीत मुलगी झाली. तिकडे नाव दवाखान्यातच लिहून मागितलं. वैजनाथने 'प्रतीक्षा' लिहून दिलं. बारशाआधीच नाव ठरलं म्हणून शालूबाई फोनवर रुसल्या. "मग बारशाला काय जर्मन लोकायला घुगऱ्या वाटता?" असं म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या.

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं. त्या देशात सुईण घरी येते. तिचं नाव हाइके होतं. उंच बाई, आवाज मोठा. रोज दहाला म्हणजे दहालाच बेल वाजे. दारात बूट काढून, हात धुऊन ती आत येई, आणि आल्याबरोबर सगळ्या खिडक्या उघडी. बाहेर बर्फ! मंजुषा बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात उभी राही. हाइके गेली की खिडक्या बंद होत. तिची भाषा मला कळत नसे, पण मंजुषा नंतर सासूला फोनवर सगळं सांगे, त्यातून मला उमगे.

चौथ्या दिवशी हाइकेने बाळाच्या नाकावर बोट दाबून पाहिलं. थोडी कावीळ आहे, बहुतेक बाळांना होते, भरपूर पाजत राहा, मी रोज बघीन, असं म्हणाली.

पाचव्या दिवशी किल्ल्या बाजूला झाल्या आणि मी कामाला लागले. फोन उशीला टेकवून ठेवला होता. त्यातून शालूबाई एकेक गोष्ट सांगत होत्या. हळद, तेल, पाठ, पोट, मांड्या. मग तूप, तळवे आणि मी. इतक्या वर्षांनी एवढा मऊ तळवा! गुलाबी, माझ्या तळापेक्षाही लहान. मी धन्य झाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हाइकेने दुपटं उघडलं आणि थबकली. मंजुषाने घाईघाईने हळदीचा पुडा दाखवला. हाइकेने वास घेतला, हसली, छान म्हणाली. पण मग गंभीर झाली. हे धुऊन टाक. काही दिवस लावू नकोस. तिचा खरा रंग मला दिसला पाहिजे. उद्या शनिवार असला तरी मी येते.

ती गेली. मंजुषाने सासूला सांगितलं.

"हळदीनं कधी कोणाचं वाईट झालंय काय?" शालूबाई म्हणाल्या. "आपल्या वावरातली हळद हाय. पिवळं दिसून राहिलं ते हळदीनं. त्या बाईला काय म्हाईत?"

एवढ्यावर थांबलं असतं. पण मंजुषाच्या फोनवर तिकडच्या मराठी बायकांचा एक ग्रुप होता. त्यात कुणीतरी लिहिलं होतं की कुणाच्या तरी मैत्रिणीच्या ओळखीत, आईबाप नीट सांभाळत नाहीत म्हणून, सरकारी माणसं आली आणि लेकरू घेऊन गेली. कोणाचं लेकरू, कोणत्या गावी, काहीच नव्हतं. मंजुषाने ते चारदा वाचलं.

"अहो, ती लिहून घेत होती. वहीत काहीतरी लिहिलं तिनं."

"ती रोजच लिहिती," वैजनाथ म्हणाला.

"आज जास्त लिहिलं. खिडक्या बंद असतात ते लिहिलं असंल. वाटीनं तूप काळं होतंय तेही बघितलं तिनं. लेकराला कायतरी करून राहिले, असं वाटलं असंल."

वैजनाथ आधी हसला. मग त्यानेही तो निरोप वाचला आणि हसायचा थांबला. भीती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मित्रांनो, आणि जाताना कमी होत नाही. त्याने हाइकेला लिहिलं: आम्ही दोन दिवस पाहुण्यांकडे जातोय, सोमवारी या.

पाहुणे कुठले? ते घरातच राहिले. पण गेलोय म्हटल्यावर घरात आहोत हे कळता कामा नये. पडदे ओढले. चालायचं ते मोज्यांवर. बोलायचं ते हळू. आणि बाळ रडायला नको.

बाळ रडलंच नाही. शनिवारी ते झोपूनच होतं. पाजायला घेतलं की दोन घोट घेई आणि पुन्हा मान टाकी. "गुणाची गं माझी," मंजुषा पुटपुटली. हळद रोजच्यासारखी लागली. अंग पिवळं होतंच, ते हळदीचं. डोळे मिटलेलेच होते. मग मला तुपात बुडवून तळव्यावर फिरवलं, आणि मला काहीतरी वेगळं दिसलं. तळवा काल गुलाबी होता. आज टाचेला वेगळाच रंग होता. खोलीत पडदे, अंधार. मला वाटलं, अंधाराने असेल. मला ओरडता येत नाही. मला फक्त वाजता येतं, तेही कुणी वाजवलं तर. ती रात्र मी टेबलावर पडल्या पडल्या काढली.

रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली.

दोघं जागच्या जागी थिजली. पुन्हा बेल. मग लिंडनरबाईंचा आवाज, प्रश्न विचारल्यासारखा. मंजुषाने वैजनाथचं मनगट घट्ट धरलं होतं. बराच वेळ पलीकडे कुणीतरी उभं होतं. मग पावलं खाली गेली.

वैजनाथने दार बोटभर उघडलं. बाहेरच्या मुठीला कागदी पिशवी अडकवलेली. आत विणलेले लोकरीचे मोजे, माझ्यात मावतील एवढे, आणि सुंदर अक्षरातली चिठ्ठी. त्याने ती वाचून मराठीत सांगितली: "दोन दिवस बाळाचा आवाज आला नाही. एरवी रोज येतो, मला तो ऐकायला आवडतो. सगळं ठीक आहे ना?"

मंजुषा मोजे हातात घेऊन बसली. ज्या रडण्याची तक्रार होईल म्हणून ती भीत होती, ते थांबलं म्हणून ती म्हातारी चार मजले नाही, पण एक मजला तरी गुडघे धरत चढून आली होती.

मोजे घालायचे म्हणून तिने पडदा थोडा सारला. आधी तूप. फोनवर शालूबाई होत्याच. मी फिरले, तूप काळसर झालं, तिने फडक्याने पुसलं. खिडकीचा उजेड नेमका तळव्यावर पडला.

तळवा पिवळा होता.

तिने पुन्हा पुसलं. जोरात पुसलं. फडक्यावर पिवळं काहीच आलं नाही.

"आत्या," ती फोनमधल्या सासूला म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "आत्या, तळवा बघा."

फोन जवळ नेला. पलीकडे शालूबाई वाकून बघू लागल्या.

"हळदीचा हात लावलास काय गं तळव्याला?"

"न्हाई. तूपच लावते. तळवा वाटीचा, तुमीच सांगितलं ना."

"मग पिवळं काहून दिसून राहिलं?"

बाळाच्या पायाला मंजुषाने चिमटा घेतला. बाळाने पाय ओढलासुद्धा नाही.

"मंजू, ऊठ," शालूबाई एकदम ओरडल्या. "त्या सुईणीला बोलाव. आत्ताच्या आत्ता. माझं काही ऐकू नको आता. मी हितून काय बघून राहिले माय, मला काय दिसतं!"

रविवारी तिकडे कुणाला फोन करत नाहीत. शिवाय आपण पाहुण्यांकडे आहोत. पहिलं वाक्य बोलताच खोटं उघडं पडणार. वैजनाथचं बोट फोनवर थांबलं. मंजुषाने फोन हिसकावून घेतला आणि तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, जे तिने नंतर कितीदा तरी सांगितलं: "आम्ही घरीच आहोत. आम्ही खोटं बोललो. पाय पिवळे आहेत. या."

वीस मिनिटांत हाइके आली. केस ओले, टोपी नाही. बूट न काढता तशीच आत शिरली, बर्फ फरशीवर सांडत. बाळाचे डोळे उघडून पाहिले. दुपट्यात गुंडाळलं. तिच्याच गाडीतून सगळे दवाखान्याकडे निघाले. दार धाडकन लागलं. रविवारी.

मी टेबलावर एकटी राहिले. अंगावर तूप थिजत होतं. हाइकेच्या बुटांचं पाणी फरशीवर वाळून गेलं. एक दिवस गेला, दोन गेले. वैजनाथ कपडे न्यायला आला, पण घरात बोलणार कुणाशी? मला काहीच कळलं नाही. मी कुरुंद्याच्या मातीची, हळदीशेजारी बसून आलेली. माझंही काही चुकलं का? शनिवारी मला दिसलं होतं. मला दिसलं होतं, हेच मी पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

पाचव्या दिवशी जिन्यात रडणं ऐकू आलं. मोठ्ठं, चिडलेलं, भुकेलं रडणं. खालच्या मजल्यावर एक दार उघडलं. लिंडनरबाई काहीतरी बोलल्या आणि मंजुषा त्यांच्या गळ्यात पडून रडली, हे मला न बघताही कळलं.

बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक दिवस गेला असता तर कावीळ मेंदूत उतरली असती. मंजुषाने हे सासूला फोनवर सांगितलं, त्यातून मला कळलं.

हाइके परत आली, दहाला. बूट काढले. मंजुषाने सगळं सांगितलं, तो ग्रुपवरचा निरोपसुद्धा. हाइके बराच वेळ ऐकत राहिली. मग वही उघडून तिच्यासमोर ठेवली. त्या शुक्रवारी तिने लिहिलं होतं: आई फार दमलेली, एकटी, तिला रोज भेटायला हवं. एवढंच. जाताना तिने मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि तळव्यांचं काम चालू ठेव म्हणाली.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. यंदा सगळे कुरुंद्याला आलेत, आणि मीही. कोमलला मुलगा झालाय. शालूबाई हळदीच्या पोत्यांमध्ये बसून सांगतात, "दवाखान्यातली बाई बघून जाईपर्यंत हळदीचा हात लावायचा न्हाई. आधी तळवे उजेडात धरा." शेजारणी म्हणतात, शालूबाई परदेशी झाली. त्या नातवाचा पाय उजेडाकडे वळवतात.

काल दुपारी मी ओट्यावर होते. प्रतीक्षा अंगणातून धावत आली आणि आईच्या मांडीवर पाय टाकून बसली. मंजुषाने पाहिलं. तळवे पिवळेजर्द.

तिच्या तोंडचा रंगच गेला. तिने पदराचं टोक घेतलं आणि त्या तळव्यावरून जोरात ओढलं.

पदर पिवळा झाला. खाली तळवा गुलाबी होता.

"मम्मी, गुदगुल्या!" प्रतीक्षा ओरडली. पोरगी अनवाणी वाळत्या हळदीतून नाचून आली होती.

मंजुषाने तो पाय तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला. बराच वेळ सोडला नाही. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला चिंच लावून घासा, मिठावर झाकण करू नका, आणि तुमच्या घरात लहान बाळ असेल तर दाराची बेल वाजली की दार उघडा. पलीकडे कोण असेल याची भीती मलाही वाटते. तरी उघडा.