समाप्तच्या पुढचं

मी डब्यात गुंडाळलेली सिनेमाची फीत बोलतेय. जन्मले मुकी, पण मुक्यांच्याच पोटात जास्त असतं, बरं का!

मला बनवलं एका हौशी घड्याळजीनं. नट नाहीत, नाच नाही; आपलं घर नि आपली गल्ली, जशी आहे तशी टिपायची. "मी इथे नाहीच असं समजा," म्हणाला. झालं! थोरली वहिनी लग्नातले कपडे घालून भांडी घासायला बसली. जन्मात झाडू न धरलेले त्याचे वडील अंगण झाडू लागले. शेजारच्या न्हाव्यानं तर एकाच गिऱ्हाइकाची गुळगुळीत दाढी पुन्हा पुन्हा केली.

घड्याळजीण तेवढी पाठ करून कामात.

"अगं, इकडे बघ की!"

"मग चुलीवरचं तुम्ही बघताय का?"

ती लवकर गेली. मागे एक फोटो नाही. लेक तेव्हा रांगत होती. आता स्वतःचे दात पडल्यावर ती मला जुन्या फिती जपणाऱ्या एका चष्मेवाल्या पोराकडे घेऊन आली. सोबत पतवंडांची फौज. "आईचं तोंड एकदा बघू दे," एवढंच मागणं.

मी भिंतीवर पळू लागले. झाडूवाले आजोबा बघून पोरं लोळली. चष्मेवाला हरखला, "आजी, घरातली माणसं अशी कोण टिपत होतं त्या काळी? सोनं आहे हे!"

आजीला सोनं कुठलं? पाठ, वेणी, पुन्हा पाठ. मग आलं 'समाप्त'. सगळे चपला शोधू लागले.

"पुढे नुसती बुरशी आहे, कापतो," चष्मेवाल्यानं कात्री घेतली. पुढे काय आहे ते मलाच ठाऊक, आणि मी मुकी.

"थांब बाळा," आजी म्हणाली. "खरवडल्याशिवाय पातेलं रिकामं म्हणत नाही मी. लाव पुढे."

घड्याळजीनं 'समाप्त' खडूनं लिहिलं होतं पिठाच्या डब्याच्या झाकणावर. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि आमचा घड्याळजी कॅमेरा तसाच चालू ठेवून पळाला.

डागांमधून एक हात आला. झाकण उचललं. फडक्यानं 'समाप्त' खसाखसा पुसलं. मग घड्याळजीण वाकली, थेट समोर बघितलं आणि लांबलचक जीभ काढून वेडावलं!

आजीनं डोळे पुसले, भिंतीकडे बघितलं आणि आपलीही जीभ काढली.

"अय्या, दोघी सेम!" पतवंड किंचाळलं.

हल्ली मी गार कपाटात असते, लाडात. एकच सांगणं: 'समाप्त' दिसलं की लगेच चपला शोधू नका. आमच्या घड्याळजिणीनं ते केव्हाच पुसलंय.